सात सेकंदांत निवलेला चहा

मुलगी बघायला जाण्याआधी लॉगॅरिदमची उजळणी करावी लागते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात नवाकोरा इंजिनिअर होतो आणि मुलीचे वडील, देवधरसाहेब, तिथेच डिझाइनचे मुख्य. टी. टी. नगरात राहणारे माझे मामा मला स्कूटरवर घालून साहेबांच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरकडे निघाले. वाटेत म्हणाले, "टेन्शन नको घेऊ रे! पूछा तो पगार सांगायचा, बाकी चुपचाप बसायचं."

पगार कुणी विचारलाच नाही.

पोहे झाले. शैला चहा घेऊन आली. मी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि ठरवून टाकलं, लग्न करीन तर हिच्याशीच! (दुसऱ्यांदा बघायची हिंमत नव्हती, साहेब समोर होते.) मी कपाकडे हात नेला, तोच साहेब गरजले, "थांबा!"

"समजा, चहा नव्वद अंशांवर आहे, खोली वीस. दोघांतला फरक दर मिनिटाला नऊ-दशांश उरतो. मला साठ अंशांचा चहा लागतो. किती थांबू?"

मामांनी मान खाली घालून बशीतले शेंगदाणे वेचायला घेतले.

"लॉगनं सुटेल, सर," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुठून आला कोण जाणे! साहेबांनी खिशातून लॉगटेबल काढून माझ्यासमोर ठेवलं. (रविवारी! घरच्या झब्ब्याच्या खिशातून!)

फरक सत्तरचा चाळीस व्हायला हवा. म्हणजे शून्य पूर्णांक नऊचा कितवा घात चार-सप्तमांश? वर चढून बसलेल्या घाताला लॉग लावून खाली उतरवायचं, हे मला पाठ होतं. शून्य पूर्णांक नऊचा लॉग निघाला 'बार वन' आणि पुढे दशांश. एकाच्या डोक्यावरची ती आडवी रेघ फक्त एकालाच उणे करते, पुढचे दशांश अधिकच राहतात. शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं हे! मी घाईत सगळंच उणे धरलं आणि भागाकार करून मोकळा झालो.

"सात सेकंद, सर!"

"सात सेकंद?"

"साडेसात," मी म्हणालो. (काटेकोर माणसाची छाप पडते, अशी माझी समजूत.)

"अस्सं? शैला, उकळता कप आण!"

तिनं वाफाळता कप ठेवला आणि बशी हळूच माझ्याकडे सरकवली. मी ती बाणेदारपणे परत सरकवली. "बशी कशाला? उत्तर आलंय ना!" घड्याळात सात सेकंद मोजले, अर्धा जास्तीचा दिला आणि मोठ्ठा घोट घेतला.

जीभ गेली, टाळू गेला, डोळ्यांतून धारा लागल्या.

"अरे, रडतोस कशाला? अजून तर हो पण नाही झालं!" मामा ओरडले. शैलाची आई तुपाची वाटी घेऊन धावली. शैलानं मात्र वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं चार ओळी खरडून वडिलांना दाखवल्या. "बाबा, पाच मिनिटं आणि थोडं वर. यांनी दशांशही उणे धरले."

"नापास!" साहेबांनी निकाल दिला.

मला सांगायचं खूप होतं, की सर, एक संधी द्या, तुमची मुलगी मला फार आवडली आहे. पण तोंडात तूप आणि जिभेचा झालेला पापड! निघेपर्यंत मी नुसती मान हलवत बसलो. शैला तिच्या शाळेबद्दल, नोकरी करायच्या इच्छेबद्दल बोलत राहिली. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

स्थळ गेलं म्हणून चार दिवस मी मेसमध्ये ताक पीत बसलो. पाचव्या दिवशी होकार आला! साहेबांचा नव्हे, शैलाचा. तिनं घरात हट्टच धरला होता म्हणे.

लग्नानंतर मी ऐटीत विचारलं, "एवढं काय पाहिलंस माझ्यात?"

"अर्धा तास मी बोलत होते आणि तुम्ही मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत होतात," ती म्हणाली. "तिथेच फसले मी!"