कात्री घिऊन आजऱ्याला

"कात्री घिऊन ये," आक्का फोनवर म्हणाल्या आणि फोन ठेवला. बरी हायस का, जेवलीस का, काय न्हाय.

आता तुम्ही म्हणाल, पार्लरवाल्या बाईला कात्री आण म्हणलं तर त्यात काय एवढं? सांगते. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आजऱ्याच्या. एकतीस वर्सांमागं माझा नवरा गेला आणि मी पोटासाठी बायकांचे केस कापायला शिकले. तवा ह्याच आक्का दारात उभ्या ऱ्हाऊन म्हणाल्यात्या, "घर तुझं हाय, कवाबी ये. पण कात्री घिऊन ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय. आपल्यात असली कामं करत न्हाईत." तवापास्नं मी आजऱ्याला लग्नाला गेले, बारशाला गेले, मयताला गेले, पण कात्री कोल्हापूरजवळ उचगावात, माझ्या घरीच ठिऊन. आणि आता त्याच म्हणत्यात, घिऊन ये.

रात्री कात्रीला तेल दिलं आणि सकाळी निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापूर स्टँडवर सकाळी लवकर जावा, म्हणजे खिडकी मिळती. निपाणी, उत्तूर करत एस.टी. तीनेक तासांत आजऱ्यात सोडती. ज्यांना गाडी लागती त्यांनी लिंबू घ्या. ज्यांना न्हाय लागत त्यांनी शेजारणीसाठी घ्या.

कंडक्टर आला. "मावशी, अर्धं तिकीट."

"का वो पावणं? मी पुरी हाय की."

"बायकांना सरकारनं अर्धं केलंय."

"तिकीट केलंय का बायका?"

मागची दोन पोरं फिदीफिदी हसली. कंडक्टर लाजून मिशीवरनं हात फिरवायला लागला. मी म्हणलं, "उजवी मिशी डावीपेक्षा मोठी हाय तुमची. पिशवीत कात्री हाय, बोला." त्यो जे पुढं गेला ते आजरा येईस्तोवर माझ्याकडं फिरकला न्हाय.

कागल सुटलं आणि उसाचे फड सुरू झाले की मला आमचं माणूस आठवतंय. आजऱ्यातनं कुस्तीसाठी कोल्हापूरला आलेला, मंगळवार पेठेतल्या तालमीत. खांदा निखळला, कुस्ती सुटली, पण तालीम सुटली न्हाय. पैलवानांची मालिश करायला लागला. घरी आला की स्वतःचा खांदा माझ्यापुढं करायचा. "अंगठ्यानं रेटू नको गं. तळव्यानं ऐक." मी म्हणायची, तळव्याला काय कान असत्यात व्हय? त्यो म्हणायचा, तुझ्या जिभेपेक्षा बरं ऐकतोय त्यो.

सातवी शिकलेली बाई मी. त्यो गेल्यावर पेठेतल्याच एका पार्लरात फरशीवरचे केस झाडायला लागले. झाडता झाडता मालकीणबाईंच्या हाताकडं बघायची. दोन वर्सांनी त्यांनीच ही कात्री माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "चोरून शिकलीस तेवढं बास. आता उघड शिक."

लई जणी मला विचारतात, मावशी, केस, व्यायाम आणि मालिश एका छपराखाली कसं आणलंस? आणलं न्हाय बायांनो, आपसूक आलं. उचगावात माझं दुकान नवं होतं. एक बाई आली, गुडघ्यापतूर केस. म्हणाली, बॉबकट कर. मला आनंदच झाला, पण हात धजंना. का गं कापतीस, म्हणलं. तर म्हणती, "हात वर जात न्हाय. अंबाडा कोण बांधणार?" मी कात्री खाली ठेवली. डॉक्टरला दाखवून आलीस का ते इचारलं, आलती. मग तिळाचं तेल कोमट केलं, खांदा चोळला, आणि तालमीत शिकवतात तसं भिंतीवर बोटं चालवायला लावली. रोज एक बोट वर, जास्त न्हाय. दोन महिन्यांनी ती आली ती स्वतःच्या हातानं अंबाडा घालून. "टोकं तेवढी काप," म्हणाली. त्या दिवशी माझं गिऱ्हाईक गेलं आणि धंदा लागला. सकाळी अंगणात व्यायाम, दुपारी केस, सांजच्याला मालिश. आजबी माझ्या दुकानात बसलं की पयला प्रश्न त्योच असतोय, हात वर जातोय का?

उत्तूरला गाडी थांबली. तिथली कांदाभजी खावा, पण चहा एकच घ्या, दोन कपांत वाटून. लई गोड.

उत्तूर सुटलं की हवा बदलती. चैताचा महिना, रस्त्याकडंनं काजूची बोंडं पिकलेली, तो आंबूस वास खिडकीतनं आत. आजऱ्यात उतरलं की काजूच्या कारखान्यांचा वास निराळा, भाजल्यावानी. नव्या नवरीला हाच वास नाकात धरून मी पहिल्यांदा ह्या गल्लीत आलते.

आक्का दारातच होत्या. वय सत्तरीच्या पुढं, आवाज तसाच. "आणलीस?"

"आणली. पण उंबऱ्याभायेर थांबू का आत यिऊ?"

"नाटकं करू नको. ये."

आत आले. पिशवी जड वाटली, खोटं कशाला सांगू.

जेवायला घनसाळचा, म्हंजे हितल्या वासाच्या तांदळाचा भात आणि ओल्या काजूची उसळ. आजऱ्याला जाऊन हे न खाता आलात तर माझं नाव सांगू नका. हाटेलात मिळंलच असं न्हाय, कुणाच्या तरी घरी वळख काढा.

जेवण झाल्यावर आक्का परसात पाटावर बसल्या आणि केस सोडले. कमरंपतूर, पांढरेशुभ्र. लगीन झाल्यापास्नं मी पहिल्यांदा बघितले. त्यांचा तो घट्ट अंबाडा म्हणजे गल्लीत नाव होतं.

"काप. मानेपतूर."

"का?"

"इचारू नको."

"इचारल्याबिगर कापायचं न्हाय, दुकानाचा नियम हाय."

केस पुढं घिऊन बोटानं गुंता सोडवाय लागल्या. मग म्हणाल्या, "हात खांद्याच्या वर जात न्हाय. रोज सकाळी सुनंपुढं पाठ करून बसायचं. पोरगी चांगली हाय, एक शब्द बोलत न्हाय. पण तिला कामाची गाडी गाठायची असती, ती घाई मला कंगव्यातनं कळती. नको मला ते."

मी कात्री काढली न्हाय. म्हणलं, "डॉक्टर काय म्हणला?"

"खांदा आखडलाय, व्यायाम करा म्हणला."

"मग उठा. भिंतीकडं तोंड करा."

"मी केस कापायला बोलावलंय, कवायतीला न्हाय!"

"मग दुसरी न्हावीण बघा."

मला वाटलं, आता पाट फेकून मारत्यात. पण उठल्या. भिंतीवर बोटं चालवायला लावली. खांद्याच्या वर चार बोटं गेली आणि तोंड वाकडं झालं. मी थांबवलं, पेन्सिलीनं खूण केली.

"आता तू," आक्का म्हणाल्या.

"मी कशाला? मी मास्तरीण हाय."

"कर."

मी डावा हात झोकात वर केला.

"उजवा."

म्हणलं, आक्का, चहा टाकू का? त्या म्हणाल्या, "उजवा, धाकले."

आता तुम्हालाबी खरं सांगते, कारण दोन वर्सं तुम्हाला लिखाणासोबतच्या फोटोत माझा बॉबकट दाखवून फॅशन, फॅशन म्हणत आले. तीसेक वर्सं कात्री धरून माझाच उजवा खांदा गेलाय. दोन वर्सांमागं अंबाडा घालता यीना, तवा मीच माझे केस कापले, एका दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून. कुणाला सांगायचं? माझा खांदा बघणारा तळवा कवाच गेलाय.

हात कानापाशी अडकला.

आक्का आधी बघत ऱ्हायल्या, मग जे हसत सुटल्या, खोकला लागंस्तोवर. "जगाचे हात वर केलेस आणि तुझा गं, भवाने?" हसता हसता डोळ्याला पदर लावला. मग आत जाऊन तेलाची वाटी घिऊन आल्या. मला पाटावर बसवलं आणि चांगल्या हातानं माझा खांदा चोळाय लागल्या. अंगठ्यानं रेटत होत्या.

"तळव्यानं, आक्का," मी म्हणलं. "तळव्यानं ऐका."

हात थबकला. "भावजीवानी बोललीस," म्हणाल्या. मग तळव्यानं चोळाय लागल्या.

दोन दिवस ऱ्हायले. सकाळ-सांज भिंत, तेल, भांडण. आक्कांची फक्त टोकं कापली, दोन बोटं. शेवटी करार ठरला. गौरीच्या सणापतूर दोघींनी रोज भिंत चढायची, आणि मी केस वाढवायचे. आक्कांचा हात तवर न्हाय गेला वर, तर मानेपतूर कापायचे, मी काय बोलायचं न्हाय.

निघताना पिशवी भरली. घनसाळ, काजू, लोणचं. आक्कांनी कात्री हातात घेतली, पदरानं पुसली, आणि माझ्याकडं न देता भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

"ही ऱ्हाऊदे हितंच. तुझ्याकडं दुसऱ्या हाईत की."

हाईत. पण ती पहिली होती. मी पिशवीचं तोंड बांधलं आणि स्टँडकडं निघाले.

आता उचगावात परत यिऊन दोन आठवडे झाले. तांदूळ संपत आला, काजू संपले. केस कानाखाली आलेत, चेहऱ्याला शोभत न्हाईत, गिऱ्हाईकं हसत्यात. दुकानाच्या भिंतीवर आरशाशेजारी माझ्या खुणा हाईत. आलेल्या प्रत्येक बाईला दाखवते, लपवत न्हाय. आज सकाळी मागल्या खुणंच्या वर एक बोट गेलं. फोन लावला.

"आक्का, एक बोट!"

"माझी दोन," आक्का म्हणाल्या.

"खोटं बोलू नका या वयात."

"मग ये आणि बघ की. मोकळ्या हातानं ये, कात्री हाय हितं."