मनगटावरचा हात

मुलगा बारा वर्षांचा झाला तरी त्याला घास भरवावा लागतो, हे मी कोणाला सांगत नसे. रुबेन बोलत नाही, त्याचे हात थरथरतात आणि साधी गोष्ट कळायलाही त्याला फार वेळ लागतो. त्याच्यासाठी मी ऑफिसातली नोकरी सोडली. नवरा एमआयडीसीत डबल पाळ्या करायचा. आमच्या अख्ख्या घराण्यात मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे घरात माझाच शब्द शेवटचा. मनात मात्र देवाला रोज विचारायचे, माझ्याच पदरात हे का? जपमाळ हातात असायची, पण विश्वास उरला नव्हता.

रुबेनला पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा होता. तळहातावर ठेवलेली पवित्र भाकर स्वतः उचलून तोंडात घालायची, एवढंच. फादरांनी सरावाला साध्या पिठाच्या चकत्या दिल्या. त्याच्या विशेष शाळेतल्या टीचर म्हणाल्या, "मम्मी, त्याचं मनगट धरू नका. तुमचा हात लागेपर्यंत तो थांबूनच राहतो."

"मी शिकलेली आहे, टीचर. माझ्या मुलाचं मला कळतं."

"शिकलेल्या आहात ना? मग आता त्यालाही शिकू द्या की!"

राग आला. घरी येऊन मी मनगट धरलंच. खरं कारण लिहिताना आजही लाज वाटते. भाकर खाली पडली तर अंधेरीचं आमचं सगळं गावठाण बघेल, ही धास्ती होती. काळजी मला माझ्या अब्रूची होती.

ठरलेल्या रविवारी चर्चमध्ये रांगेत आमच्या मागे एक अनोळखी बाई होती, कडेवर तान्हं बाळ. आमची पाळी आली आणि तिचा थोरला मुलगा मेणबत्त्यांकडे धावला. "धर गो जरा!" म्हणत तिनं बाळ माझ्या हातांत कोंबलं नि ती पळाली.

फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." भाकर रुबेनच्या तळहातावर आली. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात गुंतलेले. तो वाट बघत राहिला. बाजूने सासू कुजबुजली, "अगो, भरव ना त्याला, लोक थांबलेत!" फादर जागचे हलले नाहीत. मी डोळे मिटले आणि कितीतरी वर्षांनी मनापासून म्हणाले, देवा, आता तूच बघ.

डोळे उघडले तेव्हा तळहात रिकामा होता आणि रुबेन चावत होता.

बाई आली, बाळ घेऊन गर्दीत गेली. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे कितीतरी रविवार मी तिला शोधलं, पण गावठाणात तिला कोणीच ओळखत नव्हतं. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. माझे हात मी आपणहून काढले नसते, ते अडकवावे लागले, एवढं मला ठाऊक आहे. देवाचे त्यासाठी आभार मानताना मान खाली जाते. ज्या मुलाला प्रार्थनेत रोज देवाच्या स्वाधीन करत होते, त्याचं मनगट मी कधी सोडलंच नव्हतं.

टीचरना जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू दे हो मम्मी. जेवणाचं ताट कधीपासून?"

आता रुबेन भात-कालवण स्वतःच्या हाताने खातो. सांडतो, आणि फडकं घेऊन तोच पुसतो.