चार गाठींचा डबा

हे मी घरातही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आधी सिंधूबाईंबद्दल ऐका. आरमोरीजवळच्या आमच्या गावात त्यांचे यजमान टुरिंग टॉकीज चालवायचे. कुठून तरी जुना कॅमेरा मिळवून त्यांनी गावाचीच फिल्म काढली — तलावातली मासेमारी, धानाची रोवणी, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतली नाटकं. ते गेले, अकरा डबे मागे राहिले. बाईंना वाचता येत नव्हतं. ओळखीसाठी प्रत्येक डब्याला दोरा, दोऱ्याला गाठी. दर हिवाळ्यात त्या हात धुऊन कोरडे करायच्या, फिल्म फक्त कडांना धरून सावकाश गुंडाळायच्या, मग वास घ्यायच्या. आंबूस वास आला की फिल्म सडू लागली, एवढंच यजमानांनी सांगून ठेवलेलं. तीस वर्षं एकही डबा सडला नाही. मी शाळेत मास्तर. इतकी निगा मी एखाद्या पुस्तकाची तरी राखली का?

चार गाठींचा डबा मी मागून घेतला. वरोऱ्याला ओळखीच्या माणसाकडे चालू प्रोजेक्टर होता. पडद्यावरून मोबाइलमध्ये उतरवून आणतो म्हणालो. बाकी डब्यांत यजमान कॅमेऱ्यामागे. याच एकात दुसऱ्या कुणी कॅमेरा धरला होता.

“गुरुजी, हे यातच तेवढे दिसतेत,” बाई म्हणाल्या. “जपून न्या.”

जपून? वाटेत मेहुण्याच्या घरी लग्न होतं. मी तिथेच रमलो. डबा तीन दिवस गाडीत, मागच्या सीटवर — मे महिन्यात, आमच्याकडच्या उन्हात. आठवलं तेव्हा झाकणाचा चटका बसला. फिल्म आक्रसली होती, वेढ्याला वेढा चिकटलेला. सोडवायला गेलो, तुटली.

आणि परत येऊन मी काय सांगितलं? — की ती आतून आधीच सडली होती.

बाईंनी डबा नाकाशी नेला. बराच वेळ. मलेच वास समजला नाई, म्हणाल्या. तेव्हापासून त्या वर्षातून दोनदा डबे उघडू लागल्या, आणि शेजारच्या सुनेलाही वास घ्यायला बोलावू लागल्या. स्वतःच्या नाकावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

पुढे पुण्याहून जुन्या फिल्म जतन करणारे लोक आले. दहा डबे पाहून त्यांच्यातला एक जण बाईंच्या पाया पडला. बाई संकोचल्या.

“एक माह्याच्यानं खराब झाला,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार ना! मी मान हलवली.

त्यानंतर बाई सहा वर्षं जगल्या. आमचं घर त्यांच्या घरापासून चार पावलांवर.