साखर बंद!

प्रयोगशाळेतले किस्से औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे साठत जातात. कितीही धुवा, काहींचा वास जात नाही. हे त्यातलेच.

पनवेलबाहेर पळस्प्याच्या रस्त्यावर एका ट्रस्टची छोटी प्रयोगशाळा होती. मी तिथे स्टोअरकीपर. काम चाले कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर. एकदा आमच्या डॉक्टर सुमतीबाईंनी ट्रस्टच्या अध्यक्षांना दोन बाटल्या दाखवल्या. दोन्हींत कोंबडीच्या पेशी आणि तेच साखर घातलेलं लाल पाणी. विषाणू सोडलेल्या बाटलीतलं मात्र पिवळं पडलेलं.

"विषाणू स्वतः काही खात नाही," बाई म्हणाल्या. "तो पेशीत शिरून तिला खादाड करतो. हवा भरपूर असली तरी ती साखर पुरती जाळत नाही, अर्धवट वापरते आणि आम्ल टाकते. म्हणून पाणी पिवळं."

"म्हणजे साखर बंद की कॅन्सर बंद!"

"नाही हो! ही बाटली आहे, माणसाचं मी काहीच…"

अध्यक्षसाहेब चहाकडे वळले होते. कपात तीन चमचे साखर!

* * *

आठवड्याभरात साहेबांनी गावात 'साखरबंदी'वर व्याख्यान ठोकलं. दुसऱ्या दिवशी मिठाईवाले शेठ आमच्या दारात. "कॅन्सर तुमच्या कोंबड्यांना, आणि गिऱ्हाईक माझं का तोडता?"

बाई तडक त्यांच्या दुकानी गेल्या आणि बाकावर बसून सगळ्यांदेखत दोन पेढे खाल्ले. पाहणारे म्हणाले, "ती डॉक्टरीण आहे. तिच्याकडे औषध असेल!"

* * *

इथवर हसता येतं. पुढे येत नाही.

कोंबड्या सांभाळणारा राघो सुकापूरचा. त्याची बायको हिराबाई, तिच्या जबड्यात गाठ. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलेलं, पण तिला तशीच परत पाठवली.

"का रे?"

"अंगात ताकद नाय म्हनाले, भाऊ. आदी खाऊन या, मंग कापू."

"मग खायला घाल की!"

"काय घालू? अध्यक्षसायेब घरी येऊन सांगून गेले. साखर नाय, गूळ नाय, भात बी नाय. भाताची बी साखर होते म्हने."

भात पिकवणारं घर! सगळ्यांची ताटं वाढली की ती भिंतीकडे तोंड करून पडे. तिला भाजीचं पाणी.

माझं डोकं तापलं. "त्यांनी तिचं तोंड तरी उघडून पाहिलं का?"

"नाय. उंबऱ्यातूनच बोलले. गाडी चालू होती."

* * *

माझ्याकडून हे कळताच बाईंनी साहेबांना फोन लावला. आवाज बाहेरपर्यंत येत होता. उत्तर आलं, "बाई, शोध तुमचाच! मी फक्त प्रचार करतो!"

बाईंनी रिसीव्हर आपटला आणि दोन नव्या बाटल्या भरल्या. एकीत विषाणू, दुसरीत नाही. साखर मात्र दोन्हींत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी राघोला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. दोन्हींतल्या पेशी काचेवरून सुटून तरंगत होत्या.

"चांगल्या बी मेल्या?"

"चांगल्याही. बाटली म्हणजे माणूस नव्हे, राघो. पण तिला भात घाल. ते मी डॉक्टर म्हणून सांगते."

राघो धावत सुटला. निरोगी कोंबड्यांच्या खुराड्याची कडी लावायचीही राहिली. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे, बाईसुद्धा, रस्त्यावर कोंबड्या पकडत होतो. राघोवर कोणी रागावलं नाही.

* * *

हिराबाईचं वजन भरलं, ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला, पण ती घरी आली. ट्रस्टच्या वार्षिक सभेला राघो तिला घेऊन आला. तोंडावर पदर धरून तिने सगळ्यांचा चहा स्वतः केला, आणि साहेबांचा कप स्वतः नेऊन ठेवला.

साहेबांनी घोट घेतला. "अगं, यात साखर नाही!"

"बंद हाय ना, सायेब?" राघो म्हणाला.

हिराबाईने साखरेचा डबा ओढला, आपल्या कपात तीन चमचे घातले, ढवळले. मग साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली, पदर बाजूला केला आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने, ओघळ पुसत, बशीबशीने सगळा चहा संपवला.