दशांश दिला, असं मी सांगितलं

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणी मला शूर समजायला नको.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. रविवारी जुन्या दगडी चर्चमध्ये दानाची थैली फिरायची. बाबा मूठ आत घालायचे आणि रिकामी बाहेर काढायचे. किती टाकले ते आईलाही कळत नसे, आणि विचारतंय कोण? बाबा गेल्यावर आई एकटी पडली. मी अकोल्याला, एका शाळेच्या ऑफिसात कारकून. शनिवारी गाडीनं यायचं, रविवारी संध्याकाळी परत. त्या दिवसांत एका नव्या मंडळीतल्या, म्हणजे नव्या चर्चच्या, बायका आईकडे यायला लागल्या. डबा आणत, गुडघ्यांना तेल लावून देत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं होतं. माझं काम त्या करत होत्या.

ही मंडळी अमरावतीत भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. हळूहळू आई आणि मी रविवारी तिकडेच जायला लागलो. तिथे थैली नव्हती, पाकिटं होती, प्रत्येक घराच्या नावाची. कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, त्यात घालून द्यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथले पाद्री, पाळकसाहेब, एकेक पाकीट हातात धरून त्या घराचं नाव घ्यायचे आणि आशीर्वाद द्यायचे. ज्यांचं पाकीट नसेल त्यांचंही नाव घ्यायचे, आणि मग काहीच न बोलता थांबायचे. अख्खा हॉल थांबायचा. त्या थांबण्याला मी जेवढी घाबरायचे तेवढी दहावीच्या निकालालाही घाबरले नव्हते.

मग आईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब निघाला. डॉक्टर म्हणाले, महिनाभराच्या वर थांबू नका. बाबांनी घेऊन ठेवलेला प्लॉट आम्ही घाईत विकला. पाच लाख आले, आणि ऑपरेशनचा अंदाजही पाचाचाच होता. चला, सुटलो, असं मला वाटलं. चार दिवसांत पाळकसाहेब घरी हजर. चहा घेतला, आईच्या झोपेची चौकशी केली, आणि म्हणाले की या पाचांतले पन्नास हजार तुमचे नाहीतच, ते देवाचे आहेत.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ही कमाई नाही, हा आईचा व्हॉल्व्ह आहे. वर हेही विचारलं की जमा झालेल्या पैशाचा हिशोब मंडळीला कधी दाखवता का. शाळेत सगळ्या शिक्षकांचे इन्कम टॅक्सचे फॉर्म मीच भरते, त्यामुळे असे प्रश्न माझ्या तोंडून निघून जातात. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. संस्था रीतसर नोंदलेली आहे, कर माफ आहे, असं त्यांनी मला अगदी समजावून सांगितलं. मग गोड आवाजात म्हणाले, “या पैशाला सरकारसुद्धा हात लावत नाही, ताई. तुम्ही लावणार?”

त्या रविवारी त्यांनी प्रवचनाला शास्त्रातली एक गोष्ट घेतली. एका जोडप्यानं जमीन विकली, त्यातले थोडे पैसे लपवून ठेवले, सगळे दिले म्हणून खोटं सांगितलं, आणि दोघंही जागच्या जागी मेली. लहानपणी ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी ती ऐकताना पुढच्या तीन रांगा वळून आमच्याकडे पाहत होत्या. आईचा हात माझ्या हातात होता आणि तो घामानं ओला झाला होता.

ऑपरेशनच्या सकाळी आईनं संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला. नर्स पेन घेऊन उभी, डॉक्टरांचा निरोप आलेला, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी हातापाया पडले. शेवटी ती म्हणाली, “मले मरायचं भेव नाही वं. दशांश राहिला त त्याचा शाप तुह्यावर येईन, त्याचं भेव हाय.”

मी म्हटलं, “देला मी. सकाळीच देला.”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. जमीन विकली, पैसे ठेवले, आणि दिले म्हणून खोटं सांगितलं. अगदी त्याच क्रमानं. मी शिकलेली बाई, त्या माणसाची मला चीड होती, तो चुकतोय याची शंभर टक्के खात्री होती. त्या खात्रीचा बाकावर बसून काही उपयोग होईना. मरायचंच तर मी मरायला हवं ना, खोटं मी बोलले, असं मी देवाला सारखं सांगत होते.

दोन तासांनी एक नर्स धावत बाहेर आली आणि रक्त लवकर पाठवा म्हणून ओरडत गेली. मी काय झालं ते विचारलं, तोवर ती जिन्यापर्यंत पोचली होती. मी मोबाइल काढला आणि आयसीयूसाठी ठेवलेले पन्नास हजार मंडळीच्या खात्यावर पाठवून दिले. लगेच पावती आली. आशीर्वाद होता आणि खाली करसवलतीची एक ओळ होती. ती पावती वाचतच होते, तेवढ्यात तीच नर्स परत आली आणि म्हणाली की रक्त दुसऱ्या थिएटरमधल्या पेशंटला हवं होतं, तुमच्या आईचं सगळं व्यवस्थित चाललंय.

आई वाचली. आयसीयूच्या बिलासाठी मी माझ्या बांगड्या गहाण टाकल्या, आणि त्या कुठे गेल्या म्हणून आईनं विचारलं तेव्हा घरी ठेवल्यात म्हटलं.

दीड महिन्यानं आईनं मंडळीत साक्ष दिली. माइक दोन्ही हातांत धरून सांगितलं की माझ्या पोरीनं सकाळी दशांश दिला आणि देवानं मला परत पाठवलं. लोक रडले. पाळकसाहेबांनी मला उभं केलं आणि मी मान हलवली.

बाहेर पडताना भातकुलीकडची एक भाजीवाली बाई माझ्या वाटेत आली. तिच्या नवऱ्याचं किडनीचं ऑपरेशन ठरलं होतं. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाली, “ताई, देल्यावरच वाचली ना तुमची माय? त्याइच्या ऑपरेशनचे पैसे हायेत माह्यापाशी, म्हून विचारून राहिली.”

कोणत्या पेशंटला रक्त हवं होतं ते तिला सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. पण आई माझा दंड धरून उभी होती आणि ऐकत होती. तिच्या छातीवरचा व्रण अजून ताजा होता.

मी हो म्हटलं. ती बाई लगेच पाळकसाहेबांकडे गेली.