ओट्यामागची भिंत

सगळ्यात आधी एक सांगतो. या सदरातले अनुभव मी वाचतो ते निव्वळ करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायचं, चहा प्यायचा आणि विसरून जायचं. माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. गेज लावल्याशिवाय मी कधी पार्टला ओके म्हटलं नाही, मग समोरचा कितीही शपथा घेवो. असा माणूस हे लिहायला बसलाय, तेही इतक्या वर्षांनी. यात भूत नाही, पैंजणांचा आवाज नाही, घाबरण्यासारखंही फारसं काही नाही. लाज मात्र भरपूर आहे, आणि ती सगळी माझी आहे.

मी मूळचा सटाण्याचा. १९९७ साली नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या बाजूला एक वन रूम किचन भाड्याने घेतलं. तीन मजली साधी बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर नव्हे तर शेजारी-शेजारी दोन ब्लॉक. माझ्या स्वयंपाकघराचा ओटा ज्या भिंतीला लागून होता, त्याच भिंतीपलीकडे मंदाकाकूंची पुढची खोली. जाड विटांची भिंत, खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकायचा. काकू चांदवडकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा वापीला नोकरीला. म्हणजे भिंतीच्या अलीकडे मी एकटा आणि पलीकडे त्या एकट्या.

ओळख झाली ती फोनमुळे. माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून काकूंचा नंबर मी आईला पीपी, म्हणजे शेजारच्यांचा नंबर म्हणून दिला होता. आईचा फोन रविवारी सकाळी यायचा. "बठ्ठं बरं शे ना रे?" म्हणजे सगळं बरं आहे ना, एवढंच ती आमच्या अहिराणीत तीन वेळा विचारायची, मी तीन वेळा हो म्हणायचो आणि फोन ठेवायचो. काकू म्हणायच्या, अरे आईशी जरा बोलत जा, एवढ्या लांबून फोन करते ती. पण मला बोलायला जमायचं नाही. कारखान्यातही मी कामापुरताच बोलायचो. त्या घरात काकूंशी जेवढं बोललो तेवढं आयुष्यात दुसऱ्या कुणाशी बोललो नसेन, आणि तेही काही फार नव्हतं.

एकट्या माणसाचं डोकं मात्र गप्प बसत नाही. कंपनीच्या बसमधून उतरून घरी आलो की ओट्यापाशी उभा राहायचो आणि चालू व्हायचं... गॅस बंद केला होता का सकाळी? बनियन पिवळं का पडतं, साबण बदलावा का? एका माणसासाठी कुकर लावायचा म्हणजे कुकरलाच लाज वाटत असेल. समोरच्या बाल्कनीतली बाई रोज त्याच वेळी केस विंचरते, तिला दुसरं काम नाही का? आणि मला तरी ते बघण्याशिवाय कुठलं काम आहे? मी आत्ता इथे पडलो तर कधी कळेल कुणाला? दूध नासलं वाटतं. असलं सगळं. यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडायचं नाही, एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पहिल्यांदा झालं ते मिठाचं. खिचडी टाकताना लक्षात आलं की मीठ संपलंय. आता कोण खाली जाणार, असं मनाशी म्हणत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, हातात मिठाची वाटी. म्हणाल्या, मीठ संपलं म्हणालास ना. मी वाटी घेतली. मनात म्हटलं, बोललो असेन तोंडातल्या तोंडात.

मग आमच्या मॅनेजरचं झालं. त्याला मी मनातल्या मनात एक नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकूंनी एकदा जिन्यात हसत-हसत तेच नाव घेऊन विचारलं, की तो आजही ओरडला का. आणि मग भाजीचं. काकू अधूनमधून भाजी द्यायच्या. एकदा जेवताना वाटून गेलं, काकूंच्या हाताला चव आहे पण तेल किती टाकतात, बोटं धुवायला साबण लागतो. दुसऱ्या दिवशी भाजी आली, आणि वाटी देताना काकू खाली बघत म्हणाल्या, आज तेल बेतानं टाकलंय.

मी इन्स्पेक्शनवाला. ठरवलं, तपासायचं. आधी तोंडात रुमाल धरून स्वयंपाक करून बघितला. संध्याकाळी काकूंनी विचारलं, सटाण्याच्या कुठल्या पेढ्यांची आठवण काढत होतास रे मघाशी? मग मित्राचा टेपरेकॉर्डर आणला. कोरी कॅसेट टाकून ओट्यावर ठेवला आणि एक बाजू संपेपर्यंत रोजच्यासारखं काम केलं. नंतर ऐकली. कुकरच्या शिट्ट्या होत्या, नळ होता, भिंतीपलीकडून काकूंची टीव्हीवरची मालिका अगदी बारीक ऐकू येत होती. माझा आवाज कुठेही नव्हता. एकदा फक्त शिंकलो होतो. आणि तेवढ्याच वेळात मी वहिनीशी झालेल्या भांडणाची जी उजळणी डोक्यात केली होती, ती काकूंनी मला फोनच्या निमित्ताने ऐकवली, वर वहिनीची बाजूही घेतली.

मी त्यांना सांगून बघितलं, की काकू, मी बोलत नाही हो. त्या हसल्या. एकटं राहणारी सगळी माणसं असंच म्हणतात, मी पण यांच्या फोटोशी बोलते, त्यात लाजायचं काय. आवाज कसा येतो विचारलं तर म्हणाल्या, तुझाच आवाज, तू ओट्याशी उभा राहून बोलतोस ना, तसा. कॅसेट ऐकवावी असं मनात आलं होतं. पण मग त्या घाबरतील, आणि घाबरल्या तर येणं-जाणं बंद होईल, याची मला जास्त भीती वाटली. त्या शहरात माझी बेल वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की डोक्यात पाढे सुरू करायचो. एकोणतीसचा पाढा कणिक मळायला बरोबर पुरतो. आठवड्याभराने काकू म्हणाल्या, अरे, लहान पोरासारखे पाढे काय म्हणतोस, आणि एकोणतीस सक्कं तुझं दर वेळी चुकतं. मी हसलो, त्याही हसल्या. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली. कुणीतरी आपलं ऐकतंय याची. हे लिहायला मला आत्ताही संकोच वाटतोय.

दोनेक वर्षांनी काकूंची भाची राहायला आली. संगीता. जवळच्या एका शाळेत कुणा बाईंच्या रजेच्या जागेवर तिला वर्षभराची नोकरी लागली होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. जिन्यात भेटली की बाजूला सरून वाट द्यायची आणि मग दोघंही थांबायचो, कुणी आधी जायचं ते ठरायचं नाही. मला ती आवडली. इतकी, की ती आल्यापासून मी पाढ्यांच्या जोडीला रामरक्षाही धरली, कारण पाढ्यांच्या मधूनमधून ती डोक्यात यायची.

एका रविवारी काकूंनी चहाला बोलावलं. चहा संगीताने आणून दिला आणि ती आत गेली. काकूंनी आडपडदा न ठेवता विचारलं, की तुला पसंत असेल तर मी तिच्या वडिलांशी बोलते, तुझ्या आईशीही फोनवर बोलते. मी नुसती मान हलवली. हो म्हणून की विचार करतो म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. घरी आलो तो जवळजवळ उडतच. ओट्यापाशी उभा राहिलो, भांडी घासायला घेतली. त्या आनंदात पाढे राहिले, रामरक्षा राहिली.

आणि तिथे तो विचार आला. चहा देताना तिची बाही वर सरकली होती आणि कोपराच्या खाली मला एक पांढरा डाग दिसला होता. मनात आलं, ते कोड तर नसेल? म्हणूनच काकू इतक्या घाईने तिला माझ्या गळ्यात मारताहेत. बस. एवढंच. पुढच्याच क्षणी मी स्वतःलाच म्हटलं, छे, काहीतरीच काय, आणि असलं तरी काय बिघडलं. मग तिच्या केसांचा विचार केला, आईला काय सांगायचं याचा केला, लग्नात मॅनेजरला बोलवावं लागेल याचा केला. त्या तासाभरात मनात शंभर गोष्टी आल्या असतील, त्यातली ही एक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू होत्या. नेहमी त्या चप्पल काढून सरळ आत यायच्या. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"भाजल्याचं हाय ते," त्या म्हणाल्या. "लहानपणी हातावर आधण सांडलं व्हतं. कोड नाय."

मी म्हटलं, "काकू, मी बोललो नाही काही. खरंच नाही."

"आता नाय म्हणू नको, प्रकाश. मी एकटीनं ऐकलं असतं तर पोटात घातलं असतं. तिनं पण ऐकलं. तीच म्हणली, मावशी, सांगून ये त्यांना, भाजल्याचं हाय."

त्या गेल्या. गळ्यात मारण्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ते बोलल्या असत्या, चिडल्या असत्या, तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी दार लावून आत आलो आणि तोंडावर हात ठेवून खाली बसलो. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे मी काय केलं, ते सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप. मी भिंतीपाशी उभा राहिलो. रोज, कामावरून आलो की हातपाय धुवून, ओट्याला पोट टेकवून, भिंतीकडे तोंड करून. आणि मनातल्या मनात एक-एक शब्द नीट जुळवून म्हणायचो... संगीता, माझं चुकलं. मला तुम्ही पसंत आहात. डाग कसलाही असो, पसंत आहात. काकू, मला माफ करा, हो म्हणतोय मी. इतक्या वेळा म्हटलं, की रामरक्षेसारखं पाठ झालं. वाटायचं, मीठ पोचलं, मॅनेजर पोचला, भाजीतलं तेल पोचलं, हेही पोचेल. उद्या बेल वाजेल.

बेल वाजली नाही. आईचा फोन आला की काकू दारावर दोनदा टकटक करून परत जायच्या. मी आत जाऊन फोन घ्यायचो तेव्हा संगीता स्वयंपाकघरात असायची. जिन्यात समोर आली तर खाली बघायची, मी तिच्याहून खाली बघायचो. मी समजलो, की ऐकू जातंय आणि त्यांना ते नकोय. स्वाभाविक आहे, म्हटलं. शाळेचं वर्ष संपलं आणि ती चांदवडला परत गेली. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका काकूंकडे टीव्हीवर ठेवलेली दिसली. मी ती उचलून वाचली नाही.

काकूंनी घर सोडलं ते २००४ साली. गुडघे गेले होते, मुलगा वापीला न्यायला आला. मी सामान उतरवायला मदत केली. टेम्पो भरला, मुलगा खाली दोरी बांधत होता आणि त्या रिकाम्या पुढच्या खोलीत काकू आणि मी दोघंच होतो. कपाट हलवल्यामुळे ती भिंत पहिल्यांदा पूर्ण दिसत होती. एवढी वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते तिथे झालं. मी विचारलं, "काकू, त्यानंतर तुम्हाला काय-काय ऐकू आलं?"

त्यांनी विचारलं, "कशानंतर?"

"त्या संगीताच्या वेळेनंतर."

"काहीच नाय," त्या म्हणाल्या. "त्या दिसानंतर तुझा आवाजच बंद झाला. मला वाटलं, आम्ही ऐकतो म्हणून रागावला असशील. लय सुनं वाटायचं."

मी म्हटलं, मी रोज बोलत होतो. म्हणजे मनात. रोज हो म्हणत होतो.

काकू भिंतीला हात लावून खाली बसल्या, गुडघे दुखत असूनही. त्या जागी भिंतीवर, माणूस टेकून बसला की जिथे डोकं लागतं तिथे, तेलाचा एक काळपट गोल उमटलेला होता.

"संगी इथंच बसायची," त्या म्हणाल्या. "शाळेतून आली का पाठ टेकून वह्या तपासायची. मी म्हणायची, इथं उजेड नाय, खिडकीपाशी बस. उठायची नाय. तू काय बोलतो ते ऐकायला बसायची रे ती. पार जायच्या दिवसापर्यंत." मग त्या म्हणाल्या, "तू बेल वाजवायची व्हती, प्रकाश."

खालून मुलाने हाक मारली. मी त्यांना हात धरून जिना उतरवला आणि टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं.

मी त्या घरात पुढे बरीच वर्षं राहिलो. भिंत ठोकून पाहिली, एका इंजिनिअर मित्राला दाखवली, प्लास्टर करताना मुद्दाम दोन विटा काढायला लावल्या. मातीच्या विटा आणि सिमेंट. नको ते विचार तिच्यातून गेले आणि जे मी मुद्दाम पाठवत होतो ते का गेले नाहीत, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण खरं सांगू का, ते उत्तर मिळालं तरी माझी झोप परत येईल असं नाही. आमच्या दोन दारांच्या मध्ये एक केराची बादली मावेल एवढंच अंतर होतं, आणि ती बेल मी एकदाही वाजवली नाही.