तुरटीवर चढलेली साखर

‘तुरटीचा खडा बांध आन् सोड पाकात! वरून साखर चढली की झटक्यात मोठा दिसतो. कोण फोडून बघतंय?’ भिंतीपल्याड संगप्पा ओरडत होता. मी नवी नवरी, लातूरला येऊन महिनाही झाला नव्हता.

‘लेकराच्या तोंडात जाती ती,’ त्याची बायको रत्नम्मा म्हणाली. ‘मला न्हाई जमायचं.’

‘लई शाणी!’

‘दादा, वैनीचंच खरं हाय,’ धाकटा भाऊ वीरभद्र मधे बोलला आन् भांडण मिटलं. तेव्हापासून रत्नम्मानं या दिराला पोटच्या पोरासारखा जीव लावला.

रत्नम्मा खडीसाखर करायची. घट्ट पाकात दोरे सोडायचे, दोऱ्यांना साखरेचेच बारके नितळ खडे बांधायचे, वर पोतं टाकायचं आन् आठवडाभर हात लावायचा न्हाई. खड्यांवर थरावर थर चढतात. तोवर ती आम्हालाही हळू बोला म्हणायची, आत जशी काय बाळंतीण निजलीय! आळीतल्या प्रत्येक बारशाला खडीसाखर तिचीच.

संगप्पा वारला. पुढं तिची नजर गेली, तेव्हा खडे निवडायचं काम वीरभद्राकडं आलं.

माझ्या नातीच्या, पुनमच्या लेकीचं बारसं माझ्याच घरी झालं. बायकांनी खडीसाखर तोंडात टाकली आन् एकेकीचं तोंड वाकडं. ‘रत्नाक्का, दाढीनंतर लावायचा खडा वाटायला लागल्या का?’ धोंडाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. बाळाच्या जिभेला अजून लावायची होती, तेवढं बरं.

रत्नम्मानं एक खडा पाट्यावर ठेवून ठोकला. साखरेचं कवच सालीसारखं सुटलं. आत तुरटी. तिनं ती बोटांनी चाचपली आन् मलाच समजावू लागली, जशी काय मीच चुकले होते. ‘साखरेवर साखर एकजीव होती गं. तुरटीची ठेवण निराळी. थर पातळ हाय तवर साखर अंग ताणून कशीबशी तिच्यावर बसती. जाड झाला की तो ताण सोसत न्हाई, तडकती.’

वीरभद्र ओट्यावर चहा पीत होता.

‘वीरभद्रा, कवापासून?’

‘झाली दोन-तीन वर्षं. आधी मधूनच एखादा घालायचो, या खेपेला सगळेच. बारके खडे निवडून डोळे फुटतात, वैनी. आन् तुम्हाला तरी कुठं दिसत होतं?’

‘दिसत न्हाई म्हणूनच तुझ्या हाती दिलं होतं.’

त्यानं कप खाली ठेवला न्हाई.

तिनं त्याला घराबाहेर काढलं न्हाई. भाकरी वाढायची, बोलायची न्हाई. पाक पुन्हा चढवला. खडे स्वतःच निवडले, एकेक जिभेला लावून. गोड खाऊन वीट आला म्हणायची.

मग बारशाला आलेल्यांच्या घरोघरी नवी खडीसाखर द्यायला निघाली. मी सोबत गेले. त्याच आठवड्यात ती वारली, पण त्या दिवशी चालणं-बोलणं रोजचंच होतं. डब्याला फडकं बांधलेलं, एक हात भिंतीला. शेवटचं घर धोंडाबाईचं. धोंडाबाईनं खडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आन् मान खाली घालून म्हणाली, ‘बसा की, रत्नाक्का.’

‘न्हाई बाई, भाकरी टाकायच्यात.’ उंबऱ्याबाहेरूनच तिनं रिकामा डबा मागून घेतला, फडकं झटकलं आन् भिंत चाचपत घराकडं वळली.